एक मार्चची मोजणी

१ मार्च १९०१. त्या रात्री वाशिममध्ये माणसं मोजली गेली. त्या काळी जनगणना एकाच रात्री व्हायची. मोजणीदार कंदिलाच्या उजेडात दारोदार फिरायचा आणि त्या रात्री घरात जो असेल त्याची नोंद कागदावर घ्यायचा. गावोगावचे कागद एकत्र आले, बेरजा झाल्या आणि वऱ्हाडातल्या वाशिम जिल्ह्याचा आकडा ठरला : ३,५३,४१०. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ११ टक्क्यांनी कमी.

११ टक्के म्हटलं की काही वाटत नाही, म्हणून हा हिशेब मी कागदावर उलटा मांडून पाहिला. १९०१ चा आकडा ११ टक्क्यांनी घटलेला असेल, तर १८९१ मध्ये या जिल्ह्यात सुमारे ३ लाख ९७ हजार माणसं होती. म्हणजे जवळजवळ ४४ हजार कमी झाली. त्याच १९०१ मध्ये वाशिम शहराची लोकसंख्या १३,८२३ होती. दहा वर्षांत अख्खी तीन वाशिम शहरं जिल्ह्यातून पुसली गेली आणि वर दोन हजारांवर माणसं उरली. पंगतीला नऊ पानं मांडावीत आणि नववं रिकामं राहावं, असं घरोघर, गावोगाव.

आणि हा आकडाही कमीच आहे. तो जन्म धरून उरलेला आकडा आहे. दहा वर्षांत घरोघर पाळणे हलले होते. ती सगळी बाळं जमेच्या बाजूला धरूनसुद्धा रोजचे सरासरी बारा जण उणे पडले. काही जण पोटासाठी परमुलखात गेले असतील, ते परतही आले असतील. बाकीच्यांचं काय झालं हे वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नसे. त्यांच्या बोलण्यात ‘छपन्याचा काळ’ असाच उल्लेख यायचा. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९६-९७ मध्ये, एक दुष्काळ येऊन गेला होता. पहिल्यात घरातलं किडूकमिडूक गेलं, दुसऱ्यात माणसं गेली. चारा नव्हता म्हणून बैल गेले, पाणी आटलं तेव्हा पटकी आली.

पाऊस पडला नाही हे खरं, पण तेवढंच कारण धरलं तर हा दुष्काळ समजत नाही. १८५३ मध्ये निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली होती. त्याआधी कास्तकाराच्या घरी ज्वारीची पेवं असत. जमिनीत खोल खणलेली, कडबा अंथरून बंद केलेली. एक साल वाईट गेलं तर पेव उघडायचं. कापसाचा पैसा आला तशी ज्वारीची तासं मागे हटली, जी पिकली तीही गाडीने बाहेर जाऊ लागली आणि पेवं रिकामी पडली. १८९९ मध्ये दाणा बाजारात होता, पण तो घ्यायला मजुराच्या हाती दाम नव्हता. पिकलंच नाही तर निंदण नाही, वेचणी नाही. काम नाही तर मजुरी कुठली?

या कापसाचा पसाराही एकदा आकड्यांत पाहिला पाहिजे. रुईची एक गाठ १७० किलोची. तेवढ्या रुईसाठी साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. एका बोंडातून चारेक ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे एका गाठीसाठी सव्वा लाख बोंडं. वेचणीला गेलेली बाई दिवसभर वाकून पंचवीस-तीस किलो वेचते. सहा-सात हजार वेळा तिचा हात बोंडाकडे जातो आणि ओटीकडे परत येतो. एका गाठीमागे असे अठरा-वीस दिवस. मँचेस्टरला गेलेल्या प्रत्येक गाठीत हे दिवस बांधलेले होते. त्यांची नोंद मला कोणत्याही जमाखर्चात सापडलेली नाही.

दुष्काळातून हा मुलूख सावरतो न सावरतो तोच १९०५ मध्ये वाशिम जिल्हाच मोडला. वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळकडे गेलं. कागदावर ही एका ओळीची गोष्ट आहे. पण जिल्ह्याचं ठिकाण जातं तेव्हा कचेरी जाते, कोर्ट जातं, त्यामागून वकील, अर्जनवीस, खानावळवाले, घोडागाडीवाले जातात. वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. बैलगाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालते. जमिनीच्या एका तारखेसाठी तीन दिवस जायला, तीन दिवस यायला, आणि साहेबांनी पुढची तारीख दिली की पुन्हा तेच. वाशिम पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. मधली वर्षं ९३. ज्या साली जिल्हा मोडला त्या साली जन्मलेलं मूल नव्वदी ओलांडून जगलं असतं, तरच त्याला आपल्या गावात पुन्हा कलेक्टर पाहायला मिळाला असता.

हे गाव त्याआधीही एकदा राजधानीपणाला मुकलं होतं. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन याने इसवी सन ३३० च्या सुमारास इथून राज्य सुरू केलं. त्याच्या वंशातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला, म्हणून या घराण्याचा पत्ता आपल्याला नीट लागला. शेवटचा मोठा राजा हरिषेण. अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने कोरवलं. अजिंठ्याची चित्रं पाहायला जगभरून माणसं येतात. त्यातली बरीचशी ज्या राजाच्या अमदानीत रंगली त्याची राजधानी आज सोयाबीनच्या बाजारासाठी ओळखली जाते, हे किती जणांना ठाऊक असतं? पाचव्या शतकाच्या अखेरीस ते राज्य विस्कटलं. राजधानी असण्याची वर्षं पावणेदोनशेही नाहीत, नसण्याची पंधराशे.

या पंधराशे वर्षांत गाव कशावर जगलं? पाण्यावर आणि मागावर. इथे १०८ तीर्थं होती असं परंपरा सांगते. पद्मतीर्थ आजही शहरात आहे. तीर्थं म्हणजे यात्रा, यात्रा म्हणजे बाजार. शिवाय विणकाम. पेशव्यांनी नागपूरकर जानोजी भोसल्यांशी १७६९ मध्ये कनकापूरचा तह केला. त्यात लाखांच्या खंडणीच्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या जोडीला एक लहानसं कलम : वाशिम आणि बाळापूर इथे विणलेलं पाच हजार रुपयांचं कापड दरसाल पेशव्यांकडे पोचवावं. दोन सत्तांच्या तहात एखाद्या गावच्या कापडाचं नाव यावं, एवढा त्या विणकरांचा हात होता. त्याच शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळू यांनी बालाजीचं मंदिर बांधलं आणि यात्रेला नवं ठिकाण मिळालं. पुढे वऱ्हाडचा कापूस गाठींनी परदेशी जाऊ लागला, तिकडचं गिरणीचं कापड इकडे येऊ लागलं आणि तहात नाव असलेला तो धंदाही बसला.

पण संकटातून उठण्याची या जिल्ह्यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाशिमची नाही, कारंजाची आहे. लाडाचं कारंजा. दत्तभक्तांना ते श्रीनृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून ठाऊक आहे, जैन अभ्यासकांना हस्तलिखितांच्या भांडारांसाठी. सतराव्या शतकात मोगल सरदारांना ते ठाऊक होतं पैशासाठी. गावात अजून कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतात, की व्यापाऱ्याने बांधकामाच्या चुन्यात कस्तुरी कालवली. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, ज्या गावाबद्दल अशी गोष्ट रचली जाते ते गाव गरीब नसतं.

ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि त्याच सालच्या अखेरीस त्यांची फौज वऱ्हाडात शिरून थेट कारंजावर आली. मोगलांच्या या भरलेल्या पेठेत तटबंदीचा बंदोबस्त फारसा नव्हता, कारण इतक्या आत कोणी येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी या स्वारीचे जे आकडे दिले आहेत ते असे : एक कोटी रुपयांचं सोनं, चांदी, तलम कापड, ते वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवं. गावातले सावकार खंडणीसाठी धरून नेले, सगळ्यात बडा असामी तेवढा स्त्रीवेषात निसटला. सुरतेच्या त्या दुसऱ्या लुटीतून महाराजांच्या हाती ६६ लाखांचा ऐवज लागला असं सरकारच नोंदवतात. सुरत म्हणजे हिंदुस्थानचं पहिल्या दर्जाचं बंदर. कारंजा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, वऱ्हाडच्या पठारावर.

एक कोटी आणि चार हजार हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, ते मी तपासून पाहिलं. त्या काळच्या चांदीच्या रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास होतं. सगळा ऐवज चांदीच्या रुपयांत होता असं धरलं, तर एक कोटी रुपये म्हणजे ११५ टन चांदी. चार हजार जनावरांत वाटली तर दर जनावरामागे २९ किलो. बैल शंभर किलो पाठीवर घेतो, गाढव त्याच्या निम्मं. सरासरी ८० किलो धरलं तर हा काफिला ३२० टन माल नेऊ शकत होता. मग उरलेल्या जागेत काय होतं? कापड. चांदीच्या तुलनेत कापड जागा फार खातं, म्हणून जनावरं इतकी लागली. आकडे जुळतात, आणि जुळल्यावर अंगावर काटा येतो. एका जनावराला तीन मीटर वाट दिली तर एकेरी रांग १२ किलोमीटर लांब होते. पहिला बैल कारंजाची वेस ओलांडून गेल्यावर शेवटचं गाढव वेशीबाहेर पडायला तीन-चार तास. स्वराज्याच्या उभारणीसाठी लागलेलं हे द्रव्य होतं आणि मराठी माणसाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण वेशीत उभं राहून ती रांग पाहणाऱ्या कारंजेकराच्या जागी एकदा तरी उभं राहावं असं वाटतं. दुकानात माल नाही, पेटीत नाणं नाही, पेढी ज्यांच्या नावावर चालायची ते सावकार कैदेत.

गाव त्यानंतर संपायला हवं होतं. १९०१ च्या त्याच मोजणीत कारंजाची लोकसंख्या साडेसोळा हजारांवर भरली. वाशिमपेक्षा, म्हणजे एका जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा, पावणेतीन हजारांनी जास्त. माझ्या मते याचं कारण लुटीच्या यादीतच आहे. बैलांवर लादता येईल ते सगळं गेलं. पण लादता येत नाही ते उरलं. कारंजा ज्या वाटांवर बसलं होतं त्या वाटा उरल्या, कोणाचा माल कुठे खपतो याची माहिती उरली, कापूस पारखणारे डोळे उरले. एकोणिसाव्या शतकात तलम कापडाची पेठ कापसाची पेठ झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी कारंजावरून धावू लागली. तीच आपली शकुंतला. ब्रिटिश कंपनीने कापसासाठी टाकलेले हे रूळ स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९२३ ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे ७० वर्षांहून अधिक, गाडी ओढत होतं. कापूस गेला मँचेस्टरला, इंजिन आलं मँचेस्टरहून. आता शकुंतला बंद आहे आणि रुळांवर गवत आहे.

शकुंतलेच्या आधी हा माल कोण वाहत असे? लमाण, म्हणजे बंजारे. वाशिम जिल्ह्याची गोष्ट बंजारा समाजाला वगळून सांगता येत नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी ही त्यांची काशी, संत सेवालाल महाराजांचं ठाणं. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये हिंदुस्थानात फिरत असताना त्याला वाटेत लमाणांचा एक तांडा भेटला. त्यात धान्य लादलेले १४ हजार बैल होते. मघाच्याच मापाने एकेरी ओळ केली तर ४२ किलोमीटर. कारंजाच्या लुटीचा काफिला साडेतीन वेळा त्यात बसतो. आणि हा एक तांडा. असे अनेक होते. फौजांची रसद, दुष्काळी मुलखाचा दाणा, किनाऱ्याचं मीठ त्यांच्या बैलांवरून फिरायचं. आगगाडी आली आणि काही दशकांत हा सगळा व्यवसाय संपला. त्यावर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्यांच्या भरवशावर बाजार चालले त्या समाजाला अनेक ठिकाणी पोलिसात हजेरी द्यावी लागली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. मुक्कामाचं गाव नसलेल्या या माणसांनी माळावर, डोंगराच्या कुशीत तांडे वसवले, दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली, मुलं शिकवली. शहरं नव्याने उभी राहतात त्याचं कौतुक आपण करतो. एका समाजाने चालण्याचं काम सोडून बसण्याचं काम शिकणं हे त्याहून अवघड होतं.

१९९८ मध्ये जिल्हा परत मिळाला तो वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा. जुन्या जिल्ह्याच्या आणि आताच्या सीमा वेगळ्या आहेत, म्हणून एकूण आकड्यांची तुलना करत नाही, दाटी पाहू. १९०१ मध्ये एका चौरस किलोमीटरमध्ये ४६ माणसं राहत होती. २०११ च्या जनगणनेत २४४. जिल्हा ११,९७,१६०, वाशिम शहर ७८,३८७. छपन्याच्या काळात रिकामं झालेलं हे पठार पाचपटीने भरलं.

भरलं ते आता एका दाण्यावर उभं आहे. १९८० च्या दशकात सोयाबीन विदर्भात आलं, १९९४ मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ हे वाण आलं आणि कापसाने थकलेल्या कास्तकाराला शंभर दिवसांत हाती येणारं पीक मिळालं. कमी फवारणी, वेचणीचा त्रास नाही, दिवाळीला पैसा. आज जिल्ह्यात खरिपाची चारेक लाख हेक्टर जमीन आहे आणि त्यातली तीन लाखांच्या आसपास सोयाबीनखाली असते. शिफारशीप्रमाणे पेरलं तर हेक्टरी ४ लाख ४४ हजार रोपं. गुणाकार केला तर १३ हजार कोटींहून अधिक रोपं एका जिल्ह्यात. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे सोळा. दोन तासांत हातभर अंतर धरून सगळी तासं एकापुढे एक ठेवली तर ती ६६ लाख किलोमीटर होतात; पृथ्वीला दीडशेहून अधिक फेरे.

हा पसारा ऐकून छाती फुगते, पण त्यातली भीती दुसऱ्या गुणाकारात आहे. एकरी पाच क्विंटल धरले तर जिल्ह्याचं पीक ३७ लाख क्विंटल. बाजार समितीत हर्रासाला क्विंटलमागे शंभर रुपये कमी निघाले की जिल्ह्याच्या खिशातून ३७ कोटी जातात. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात भाव दहा हजारांच्या पुढे गेला होता. नंतर हमीभाव ४,८९२ रुपये असतानाही बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. घरात साठवलेली ज्वारी पडत्या भावात निदान खाता येत असे. सोयाबीन कोणाच्या घरी भाकरीला चालत नाही. पेवं रिकामी करून कापूस पेरला तेव्हा जे झालं त्याची सावली मला इथे दिसते. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे १ जुलै २००६ रोजी केंद्राने सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्या सहांत वाशिम होता. २०१८ मध्ये देशातल्या ११२ आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागे राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी झाली. महाराष्ट्रातले चार. त्यातही वाशिम.

आणि पाणी? इथला आकडा सगळ्यात अविश्वसनीय आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर पडणारं पाणी सुमारे ३ लाख ९० हजार कोटी लिटर होतं. दहा हजार लिटरचे टँकर भरले तर ३९ कोटी टँकर. एकामागे एक उभे केले तर रांग चंद्राच्या अंतराच्या सातपट. माणशी रोज नऊ हजार लिटर. ग्रामीण नळयोजनांचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. तरीही एकबुर्जी धरणाची पातळी खाली गेली की वाशिमच्या घरांत पाण्याची पिंपं मोजायला लागतात. कारण हे पठार म्हणजे पाणलोटाचं आढं आहे. एका उतारावर पडलेला थेंब काटेपूर्णेतून पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राकडे निघतो. पूस, अडाण, अरुणावतीत पडलेला पैनगंगेमार्गे गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. पैनगंगा सोडली तर नद्या इथून उगम पावतात, इथे येत नाहीत. बाहेरून पाणी येण्याची फारशी आशा नाही, जे वरून पडेल तेवढंच आपलं. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या शेततळ्यात वीसेक लाख लिटर मावतं, म्हणजे इथल्या एका माणसाच्या वाट्याला वर्षभरात येणाऱ्या पावसापेक्षाही कमी. जुन्या वाशिमने १०८ तीर्थं का सांभाळली असतील, याचं उत्तर मला या हिशेबात मिळतं.

बदल चालू आहे. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याऐवजी काही जण चिया पेरू लागले आहेत. मेक्सिकोकडचं पीक, रानडुकरं आणि रोही त्याला तोंड लावत नाहीत, हे इथल्या कास्तकाराला सगळ्यात आधी पटलं. ११ डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून वाहता झाला. जिल्ह्यातली लांबी ९७ किलोमीटरच्या आसपास, रुंदी १२० मीटर. जवळजवळ २,९०० एकर जमीन एका रस्त्याखाली. कारंजाला पुन्हा वाट मिळाली. पण १६७० मध्ये कारंजातून बाहेर गेलं ते कारंजात साठलेलं धन होतं. आज या रस्त्याने सोयाबीन कच्चंच बाहेर जात राहिलं, तेल आणि पेंड दुसऱ्याच गावात निघाली, तर रस्ता फक्त आपल्या दारावरून गेला असं होईल. तेल, पेंड, डाळ, बियाणं यांची कामं वाशिम, कारंजा, शेलूबाजार या गावांत उभी राहिली पाहिजेत, आणि ती या दहा वर्षांत उभी राहिली पाहिजेत.

या सगळ्या गुणाकारांच्या मुळाशी माणसांचा एकच आकडा आहे आणि तो आता जुना झाला. ११,९७,१६० ही २०११ ची मोजणी. पुढची जनगणना जाहीर झाली आहे. माणसं मोजण्याचं काम फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल आणि संदर्भाची तारीख आहे १ मार्च २०२७. वाशिमच्या त्या मोजणीला त्या दिवशी १२६ वर्षं पुरी होतील. तारीखसुद्धा तीच.

फेब्रुवारीत तांड्यांवरची अनेक घरं कुलूपबंद असतात. माणसं ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेली असतात. म्हातारी आणि एखादं पोर तेवढं दारात. शाळा, दवाखाना, नळाचं पाणी, रेशन हे सगळं पुढची अनेक वर्षं त्या मोजणीवर ठरणार आहे. म्हणून मानोऱ्याच्या, कारंजाच्या, मालेगावच्या तांड्यांवरच्या सरपंचांना, शिक्षकांना आणि शिकून शहरात गेलेल्या पोरांना माझी विनंती आहे : आतापासून यादी करा. कोण कुठे गेलंय, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या भट्टीवर, सोबत किती लेकरं आहेत ते लिहून ठेवा. ती जिथे असतील तिथे त्यांची नावं मोजणीत आली की नाही ते फोन करून विचारा. आणि मोजणीदार आपल्या दारी आला तर शेजारच्या बंद घराकडेही बोट दाखवा.